स्काऊट पथक चालवताना: कोपर-डोंबिवलीच्या पालक-शिक्षकांसाठी

दर जूनला शाळा उघडल्या की कोपर, डोंबिवली पश्चिम आणि दिव्याकडच्या पालकांचे, शिक्षकांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. शाळेत स्काऊट होते, सरांची बदली झाली आणि बंद पडले. पुन्हा सुरू करता येईल का? मी शिक्षक नाही, रोज लोकलने नोकरीला जातो. मला पथक चालवता येते का? मुलगा नववीत आहे, त्याला राष्ट्रपती पुरस्कार मिळेल का? मुलीला शिबिराला पाठवावे की नाही? प्रश्न वेगवेगळे वाटले तरी गोंधळ एकाच जागी आहे. पथकात मोठ्या माणसांनी नेमके काय करायचे आणि कशात हात घालायचा नाही, हे कुणी सांगत नाही. गाठी, बी. पी. सिक्सचे व्यायाम, शिट्टीचे इशारे पुस्तकात मिळतात. म्हणून हा लेख मुलांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

आधी ठरवा: शाळेचे पथक की खुले पथक

आपल्याकडे बहुतेक पथके शाळेची असतात. शाळा पथक पुरस्कृत करते, शिक्षकांपैकी कुणी स्काऊटर किंवा गाईडर होतो आणि शनिवारच्या तासिकेत स्काऊटिंग चालते. जागा, मुले आणि शिक्का तिन्ही आयते मिळतात, हा याचा फायदा. तोटा तुम्ही पाहिलेला आहेच: सर गेले की पथक गेले.

दुसरा पर्याय खुल्या पथकाचा. एखादे मंडळ, संस्था किंवा वस्तीतले पालक मिळून ते काढू शकतात आणि वेगवेगळ्या शाळांची मुले त्यात येतात. नोकरदार पालकाला हाच मार्ग सोयीचा, कारण स्काऊटर होण्यासाठी शिक्षक असावेच लागते असे नाही. मात्र जागा, पैसा आणि पालकांचा विश्वास तुम्हाला स्वतः उभा करावा लागतो. मध्य रेल्वेत नोकरी असेल तर तिसरीही वाट आहे. भारत स्काऊट आणि गाईड संघटनेत रेल्वेला राज्याचा दर्जा आहे, म्हणजे मध्य रेल्वेची स्वतंत्र राज्य संस्था आहे. रेल्वे वसाहतीत राहत असाल तर आधी तिथे चौकशी करा.

कोणताही मार्ग घ्या, पण नोंदणी कोणत्या संघटनेकडे होते आहे ते नीट पाहा. 'स्काऊट' हा शब्द नावात असलेल्या एकाहून अधिक संघटना देशात आहेत. भारत स्काऊट आणि गाईड ही ७ नोव्हेंबर १९५० ला स्थापन झाली आणि स्काऊट व गाईड या दोन्ही जागतिक संघटनांची ती भारतातील सदस्य आहे. उद्या मूल प्रमाणपत्र घेऊन गुणांसाठी किंवा नोकरीसाठी गेले की पहिला प्रश्न हाच येतो: प्रमाणपत्र कुणाचे? वर्षाला काही रुपये कमी पडतात म्हणून दुसरीकडे नोंदणी करून देणारे भेटतील. त्यांच्याकडून आधी लेखी घ्या की त्यांचे प्रमाणपत्र कुठे चालते.

एकट्या सरांवर पथक चालत नाही

या लेखातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढे लक्षात ठेवा. पथकामागे किमान दोन मोठी माणसे हवीत, तीन असली तर उत्तम. तशी दोन नावे तुमच्याजवळ नसतील तर मुलांची यादी करायला घेऊ नका.

कारणे साधी आहेत. एक माणूस आजारी पडतो, त्याची परीक्षेची किंवा निवडणुकीची ड्युटी लागते, त्याच्या घरी लग्न निघते. सलग तीन रविवार बैठक झाली नाही की मुले क्लासला नाव घालतात आणि मग परत येत नाहीत. सहलीत एक मूल आजारी पडले तर एकाने त्याच्याबरोबर थांबायचे आणि दुसऱ्याने बाकीच्यांना सांभाळायचे. शिवाय मुलांच्या सुरक्षिततेचा नियमच असा आहे की एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर बंद जागेत असू नये. त्याबद्दल पुढे सविस्तर.

आमच्याकडे माणसे कुठे आहेत, असे सगळे म्हणतात. सकाळी सातच्या आत घर सोडणाऱ्या आणि रात्री नऊला परतणाऱ्या वस्तीत हा प्रश्न खराच आहे. तरी इथे शोधा:

- रेल्वे, बँक, महापालिका, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. यांच्यातले कितीतरी जण शाळेत असताना स्काऊट होते. फक्त त्यांना कुणी विचारलेले नसते.
- महाविद्यालयात गेलेले जुने स्काऊट आणि गाईड. रोव्हर-रेंजर विभाग वयाच्या पंचविशीपर्यंत असतो. त्यांना सहायकाचे काम द्या, शेवटची जबाबदारी देऊ नका.
- आया. गाईड कंपनीसाठी महिला गाईडर लागतेच. पुरुष स्काऊटरने मुलींची कंपनी चालवायची नसते. कब-बुलबुलच्या लहान मुलांसाठीही महिला नेतृत्व फार उपयोगी पडते.
- हिशेब, नोंदणी, फोन अशी कामे घरून करणारा एखादा पालक. याला मैदानावर यावे लागत नाही आणि पथकाचा अर्धा भार तो उचलतो.

माणूस विचारताना 'थोडी मदत करा' असे मोघम म्हणू नका. 'महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार, सकाळी साडेसात ते नऊ, मार्चपर्यंत' असे सांगा. वेळेला बांध घातला की लोक हो म्हणतात. 'थोडी मदत' या शब्दाला आपल्याकडे सगळेच घाबरतात, आणि ते चुकीचेही नाही.

प्रशिक्षण आणि कागद

उत्साह असला तरी प्रशिक्षण टाळू नका. स्काऊटरसाठी आधी बेसिक, मग अॅडव्हान्स आणि त्यानंतर हिमालय वूड बॅज असा क्रम आहे. बेसिक निवासी असते. तुम्ही स्वतः संघात राहता, स्वयंपाक करता, तंबू ठोकता. मुलांकडून काय अपेक्षा ठेवायची हे त्याशिवाय कळत नाही. नोकरी करणाऱ्यांनी रजेचे गणित आधी मांडावे. शिक्षकांनी मुख्याध्यापकांकडून लेखी आदेश घेऊनच जावे, नाहीतर ते दिवस तुमच्या खात्यातून वजा होतात आणि मग कटुता येते.

कागदांचा क्रम असा ठेवा:

1. शाळेचा किंवा संस्थेचा पथक सुरू करण्याचा लेखी निर्णय.
2. ठाणे जिल्हा स्काऊट-गाईड संस्थेकडे अर्ज. तिथे जिल्हा संघटक (स्काऊट) आणि जिल्हा संघटक (गाईड) हे तुमचे रोजचे संपर्काचे लोक.
3. पथकाची नोंदणी आणि दरवर्षी तिचे नूतनीकरण.
4. स्काऊटर, गाईडर आणि सहायकांचे वॉरंट. नेमणुकीचा हा दाखला नसेल तर संघटनेच्या दृष्टीने तुम्ही पथकाचे प्रमुख नसता.
5. मुलांचे नोंदणीपत्रक, जन्मतारखेसह. वयाच्या अटी पुरस्कारापर्यंत पाठ सोडत नाहीत.

तिसऱ्या कलमाकडे विशेष लक्ष द्या. एखाद्या वर्षी नूतनीकरण राहिले तर ते वर्ष मुलांच्या नोंदीत गळते. चार वर्षांनी राज्य पुरस्काराचा अर्ज भरताना ही फट उघडी पडते आणि तेव्हा काही करता येत नाही. हे काम जुलैतच संपवा.

बत्तीस मुले घेऊन सुरुवात करू नका

पूर्ण पथक म्हणजे सहा ते आठ मुलांचा एक, असे चार संघ. मुख्याध्यापकांना पहिल्याच दिवशी बत्तीस मुले गणवेशात उभी दिसावीत असे वाटते. नम्रपणे नाही म्हणा. आधी आठ मुले निवडा, दोन महिने त्यांनाच शिकवा, आणि त्यांच्यातून संघनायक व उपसंघनायक तयार झाले की बाकीच्यांना घ्या. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउन्सी बेटावर पहिले शिबिर घेतले, तेव्हाही विसेक मुलांचे चार संघ पाडले होते आणि संघाचे काम त्या त्या संघनायक मुलावर सोडले होते. सगळी गंमत तिथेच आहे.

आपल्याकडे नेमके उलटे होते. सर शिट्टी वाजवतात, बत्तीस मुले रांगेत उभी राहतात, सर गाठ दाखवतात, मुले बघतात. ती कवायत झाली, त्याला स्काऊटिंग म्हणत नाहीत. तुमचे काम संघनायकांना शिकवण्याचे. त्यांनी आपापल्या संघाला शिकवायचे. ते तुमच्यापेक्षा वाईट शिकवतील, वेळ जास्त लागेल, क्लोव्ह हिच उलटी बांधतील. बांधू द्या. पुढच्या बैठकीत चूक त्यांच्याच लक्षात येते.

महिन्यातून एकदा मानसभा घ्या. यात संघनायक बसतात. पुढच्या महिन्याचा कार्यक्रम, शिस्तीच्या तक्रारी आणि पैशाचा खर्च ठरवतात. तुम्ही सल्लागार म्हणून बसा. सुरक्षितता, कायदा आणि पैशाची अफरातफर या तीन बाबतीत तुमचा शब्द शेवटचा. बाकी सगळ्यात, हाइक कुठे काढायची किंवा शेकोटीला कुणी कोणते नाटुकले करायचे यात, मुलांचा निर्णय तुम्हाला बावळट वाटला तरी तो चालू द्या.

एक खबरदारी. हुशार, पहिल्या तीनांतल्या मुलालाच संघनायक करण्याची शाळेची सवय असते. त्याऐवजी इतर मुले ज्याच्याभोवती जमतात तो मुलगा बघा. तो बहुधा वर्गात मागे बसलेला असतो.

जागा, वार आणि वेळ

कोपरला मोकळी मैदाने थोडी आहेत, ती क्रिकेटवाल्यांनी रविवारी सहालाच धरलेली असतात. त्यांच्याशी भांडू नका. शाळेचे पटांगण, गृहनिर्माण संस्थेचे आवार, मंदिराचे किंवा मंडळाचे सभागृह असे पर्याय बघा. संस्थेच्या आवारासाठी सचिवांचे पत्र घ्या, तोंडी परवानगीवर विसंबू नका. एका रहिवाशाने शिट्टीच्या आवाजाची तक्रार केली की तोंडी परवानगी संपते.

जून ते सप्टेंबर बाहेर फारसे काही होत नाही, हे धरूनच वर्ष आखा. पावसाळ्यात गाठी, प्रथमोपचार, नकाशावाचन, होकायंत्र, झेंड्याचे नियम. दिवाळीनंतर हाइक आणि शिबिर. फेब्रुवारीच्या मध्यानंतर परीक्षांचे वारे वाहू लागतात. २२ फेब्रुवारीचा चिंतन दिन साजरा केला की त्यानंतर नवे काही काढू नका.

बैठक दीड तासापेक्षा लांबवू नका. ध्वज आणि प्रार्थना, पाहणी, एक दमवणारा खेळ, एक नवे कौशल्य, संघाचा स्वतःचा वेळ, ध्वज उतरवणे. खेळ कधीच कापू नका. वेळ कमी पडला तर तुमचे भाषण कापा.

प्रतिज्ञेबद्दल पालक अधूनमधून विचारतात. तिच्यात ईश्वराऐवजी धर्म हा शब्द घेण्याची मुभा आहे, आणि संघटना सर्व जातिधर्मांच्या मुलांना खुली आहे. कोणत्याही एका धर्माची पूजा बैठकीचा भाग करू नका.

पैसा आणि 'खरी कमाई'

पैसा थोडाच असतो, पण पथकातली भांडणे त्यावरूनच होतात. वार्षिक वर्गणी, गणवेश, स्कार्फ-वॉगल, शिबिराचा खर्च हे सगळे वर्षाच्या सुरुवातीला एका कागदावर लिहून पालकांना द्या. मधेच 'उद्या दोनशे रुपये आणा' असे मुलांबरोबर सांगू नका. खाते पथकाच्या किंवा शाळेच्या नावावर, दोघांच्या सहीने. वर्गणी कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका, माणूस कितीही सरळ असला तरी. दोन मुले फी भरू शकत नसतील तर ती गोष्ट तुम्ही आणि खजिनदार यांच्यातच राहावी. गणवेश जुना चालतो. मोठ्या मुलांचे शर्ट परत घेऊन धुऊन ठेवणारे पथक शहाणे. नवा घ्यायचा असेल तर सध्याचा नियम जिल्हा कार्यालयातून विचारून घ्या, दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नका.

आता खरी कमाई. मुलाने काम करून पैसे मिळवायचे आणि कष्टाची किंमत ओळखायची, असा हा सुंदर उपक्रम. प्रत्यक्षात अनेक इमारतींत काय चालते ते रहिवाशांना विचारा. मूल कार्ड घेऊन दारावर येते, 'काकू, खरी कमाईचे पैसे द्या' म्हणते, काकू दहा रुपये देतात आणि कामाच्या रकान्यात 'झाडू मारला' असे लिहितात. ही खोटी कमाई झाली, आणि खोटे लिहायला मूल तुमच्याकडूनच शिकले.

असे टाळा:

- मुले अनोळखी दारी जाणार नाहीत. फक्त आपली इमारत आणि ओळखीची घरे.
- एकटे मूल घरात शिरणार नाही; दोघांची जोडी, आणि काम दारात, जिन्यात किंवा आवारात.
- काम आधी, पैसे नंतर. काम न करता दिलेले पैसे मूल परत करील.
- शाळेने रकमेचे लक्ष्य ठरवले असेल तर ते मुलांना सांगू नका.

शेवटच्या मुद्द्यावर मुख्याध्यापकांशी थोडा वाद होईल. तो घालण्यासारखा आहे.

बाहेर जाताना

कोपरच्या मुलांना जवळपास बरेच काही आहे. अर्ध्या दिवसासाठी कल्याणचा दुर्गाडी किल्ला किंवा डोंबिवली पूर्वेकडची पक्ष्यांसाठी ओळखली जाणारी उंबार्लीची टेकडी. पूर्ण दिवसासाठी अंबरनाथचे शिवमंदिर पाहून पुढे एखादी हाइक. मोठ्या, सराव झालेल्या मुलांना आसनगावचा माहुली. मलंगगडाचा वरचा कातळटप्पा शाळकरी मुलांचा नव्हे. तिथे दोर आणि जाणकार गिर्यारोहक लागतात, तेव्हा पायथ्याच्या वाटांवर समाधान माना.

पाण्यापासून लांब राहा. कोपरची खाडी असो, बदलापूरकडचे ओढे असोत की समुद्र, पथकाला घेऊन पाण्यात उतरायचे नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ती मुले तुमच्या स्काऊटपेक्षा वयाने मोठी होती.

लोकलचा प्रवास हा आपल्याकडचा खरा धोका, आणि त्याबद्दल शिबिराच्या पुस्तकांत काही लिहिलेले नसते. कोपरला धीम्याच गाड्या थांबतात, म्हणून कसारा किंवा कर्जतकडे जाताना बऱ्याचदा डोंबिवली-कल्याणला गाडी बदलावी लागते. संघनिहाय चढा, प्रत्येक संघाचा दरवाजा आधी ठरवा, शेवटी चढणारी मोठी व्यक्ती ठरलेली असू द्या. एखादे मूल फलाटावर राहिलेच तर त्याने तिथेच थांबायचे, पुढच्या गाडीत चढायचे नाही. एक मोठा माणूस परत येणार, हे सर्वांना पाठ असू द्या. रविवारी मेगाब्लॉक असतो, शनिवारी संध्याकाळीच वेळापत्रक बघा. रूळ ओलांडणाऱ्या मुलाला त्या दिवशीची सहल नाही, हा नियम पहिल्या बैठकीतच सांगा आणि स्वतःही पाळा.

निघण्याआधी हातात असायलाच हवे:

- संघटनेची आणि शाळेची लेखी परवानगी. मुक्कामाचे शिबिर असेल तर जिल्हा आयुक्तांना वेळेत कळवून त्यांची संमती.
- प्रत्येक पालकाचे संमतिपत्र. त्यात ठिकाण, परतीची वेळ, जबाबदार व्यक्तींची नावे, मुलाचे आजार, अॅलर्जी, चालू औषधे आणि तातडीचे दोन फोन.
- आठ मुलांमागे एक मोठा माणूस, आणि एकूण किमान दोन. मुली असतील तर महिला नेतृत्व असल्याशिवाय निघायचे नाही.
- जवळचे आरोग्य केंद्र कुठे आहे आणि तिथपर्यंत वाहन कोणते, याची लेखी नोंद.
- प्रथमोपचार पेटी. तिच्यातल्या औषधांच्या मुदती आदल्या दिवशी बघितलेल्या.

संमतिपत्रामुळे तुमची जबाबदारी संपत नाही, हेही समजून घ्या. 'आम्ही आमच्या जबाबदारीवर पाठवत आहोत' असे पालकांकडून लिहून घेतले तरी निष्काळजीपणाचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागते.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये मोठे स्फोट झाले. आपल्या मुलांना आपत्तीचा सराव देण्यासाठी वेगळे निमित्त शोधावे लागत नाही. काचा फुटल्या, वास आला, फोन लागेना, तर कुठे जमायचे, घरी कसे कळवायचे, हा सराव वर्षातून एकदा घ्या. मात्र स्काऊटना घटनास्थळी मदतीला नेऊ नका. ती मुले आहेत.

मुलांची सुरक्षितता

इथे मी सल्ला देत नाही, अट सांगतो आहे.

- एक मोठा माणूस आणि एक मूल बंद खोलीत, तंबूत, गाडीत एकटे असणार नाहीत. मुलाशी खासगी बोलायचे असेल तर सर्वांना दिसेल अशा जागी.
- मोठ्यांचा आणि मुलांचा तंबू वेगळा. मुलांचा आणि मुलींचा मुक्काम वेगळा.
- मुलांशी व्हॉट्सअॅपवर वैयक्तिक गप्पा नाहीत. सूचना पालकांच्या गटावर. संघनायकांचा गट काढला तर त्यात दोन मोठी माणसे आणि एक पालक.
- फोटो टाकण्याआधी पालकांची संमती. कपडे बदलताना, झोपेत, आंघोळीच्या जागी मोबाइल नाही.
- नवा सहायक कितीही ओळखीचा असो, त्याची आधीच्या ठिकाणी चौकशी केल्याशिवाय त्याला मुक्कामाला नेऊ नका.

आता कायद्याचे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, किंवा तशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवणे हा कलम २१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला तर त्यात जास्त शिक्षा आहे. 'आधी आपण चौकशी करू', 'संस्थेचे नाव खराब होईल', 'मुलीच्या भवितव्याचा विचार करा' ही वाक्ये बैठकीत आली की तिथेच थांबवा. चौकशी करणे तुमचे काम नाही, कळवणे आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचाराचे प्रकरण राज्यभर गाजले. त्यात माहिती न कळवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदला गेला होता. आपल्यापासून काही स्टेशनांवरची ही गोष्ट आहे.

मूल तुमच्याजवळ काही बोलले तर ऐका, खोदून विचारू नका, 'कुणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नका. त्याचेच शब्द लिहून ठेवा, वेळ टाका आणि त्याच दिवशी कळवा. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, पोलीस ११२. मुलाचे नाव कुठल्याही गटावर जाऊ देऊ नका. ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे.

शिक्षेबद्दल थोडक्यात. कोंबडा करणे, उन्हात उभे करणे, मैदानाला दहा फेऱ्या, सर्वांसमोर आईवडिलांवरून बोलणे, यांपैकी काहीही नाही. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. पथकाच्या शिस्तीचा प्रश्न आधी संघात, मग मानसभेत, आणि मगच पालकांकडे न्यावा.

पुरस्कार, गुण आणि रेल्वेची नोकरी

प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार असा स्काऊटचा क्रम. प्रत्येक टप्प्यात काही महिने जावेच लागतात, पायऱ्या गाळता येत नाहीत. त्यामुळे नववीत नव्याने आलेल्या मुलाच्या पालकांना 'बघू' म्हणू नका. राष्ट्रपती पुरस्काराला उशीर झाला आहे, असे स्पष्ट सांगा. ज्यांना खरेच ती इच्छा आहे त्यांनी पाचवी-सहावीत यावे. त्याहून लहान मुलांसाठी कब-बुलबुल आहे, तिथे चतुर्थ चरण आणि सुवर्ण बाणापर्यंत जाता येते.

दहावी-बारावीला सवलतीच्या गुणांची तरतूद आहे, पण कोणत्या पुरस्काराला किती आणि अर्ज कधीपर्यंत, याचे परिपत्रक त्या त्या वर्षी शाळेतून मागून घ्या. मागच्या वर्षीच्या झेरॉक्सवर विसंबू नका. रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातून भरती होते हे खरे आहे. तिथे राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालय वूड बॅज आणि बरीच वर्षे सक्रिय सभासदत्व पाहतात. जागा मोजक्याच असतात. हे आमिष म्हणून वापरू नका. त्या आशेने आलेले मूल पुरस्कार हातात पडताच जाते.

लॉगबुक मुलानेच लिहावे. पालकांनी लिहिलेले लॉगबुक परीक्षकाला पहिल्या पानावर ओळखू येते, अक्षरही आणि भाषाही.

पाहुण्यांच्या स्वागताला मुले मागितली तर

हा प्रसंग तुमच्यावर येणारच. उद्घाटनाला, मिरवणुकीला, विसर्जनाच्या गर्दीला, नेत्याच्या स्वागताला गणवेशातली मुले हवी असतात. भारत स्काऊट आणि गाईड ही राजकारणापासून अलिप्त संघटना आहे. पक्षाच्या कार्यक्रमाला गणवेशात जायचे नाही, हे उत्तर तयार ठेवा आणि ते संस्थाचालकांमार्फत द्या, म्हणजे तुम्हाला एकट्याला वाईटपणा येत नाही. सार्वजनिक सेवेचे काम असेल, पाणपोई, हरवलेल्या मुलांचे केंद्र, तर करा. वेळ दोन तासांची, मुलांना सावली आणि पाणी, आणि रहदारी अडवण्याचे काम पोलिसांचे.

पालकांशी वागताना

वर्षातून दोनदा पालकसभा पुरते, पण पहिली चुकवू नका. तिथे तीन गोष्टी सांगा: वर्षाचे वेळापत्रक, पैशाचा कागद आणि सुरक्षिततेचे नियम. तक्रार कुणाकडे करायची तेही सांगा, आणि ती व्यक्ती तुम्ही स्वतः नसावी. तुमच्याविरुद्धची तक्रार तुमच्याकडेच कोण आणणार? पालकांना शिबिराचा हिशेब मागण्याचा, मुक्कामाची जागा आधी पाहण्याचा आणि मुलाला न पाठवण्याचा हक्क आहे. न पाठवलेल्या मुलाला पुढच्या बैठकीत टोमणा बसला तर त्याची जबाबदारी तुमची.

क्लासवरून गळणाऱ्या मुलांशी भांडण नको. दहावीत गेलेल्या मुलाला वर्षभर मोकळे सोडा, अकरावीत त्याला सहायक म्हणून बोलवा. येतात, बोलावले तर.

पथक सोडायचे असेल तर

माणूस कधीतरी सोडतोच. किमान तीन महिने आधी सांगा. नोंदणीची फाइल, मुलांच्या प्रगतीची नोंद, बँकेचे पासबुक, तंबू-भांड्यांची यादी आणि संमतिपत्रे पुढच्या माणसाच्या हातात, सही घेऊन द्या. वॉरंटमधील बदल जिल्हा कार्यालयाला कळवा. त्यानंतर बैठकीला जाऊन मागे उभे राहू नका. मुले तुमच्याकडेच बघत राहतात आणि नव्या माणसाला पाय रोवता येत नाहीत.

हे सगळे वाचून झेपणार नाही असे वाटले तर नवे पथक काढू नका. डोंबिवली-कल्याणात चालू असलेल्या एखाद्या पथकात सहायक म्हणून जा. तिथे माणसे कमीच आहेत, आणि महिन्याचे दोन रविवार देणारा सहायक अपुऱ्या तयारीच्या प्रमुखापेक्षा मुलांच्या जास्त उपयोगाचा असतो.